नवा संच : आकडे वाढले, आयुष्य वाढले का?

नवा नमुना जुन्यापेक्षा सर्वच बाबतींत सरस असतो, असे जाहिरात सांगते. हे विधान तपासून पाहायचे असेल, तर खिशात बाळगून ई-मेल पाहता येणाऱ्या ब्लॅकबेरीचे उदाहरण शिक्षकांना उपयोगी पडेल. परळ-लोअर परळ भागात गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, तेव्हा तेथील अनेक अधिकाऱ्यांच्या हाती हा संच दिसे.

२०११ चा ‘बोल्ड ९९००’ आणि २०१३ चा ‘झेड१०’ हे दोन नमुने घेऊ. जुन्याचा पडदा ६४० × ४८० बिंदूंचा, नव्याचा १२८० × ७६८. गुणाकार केला, तर बिंदू सुमारे ३.२ पट झाले. बॅटरी मात्र १२३० वरून १८०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे दीडपटही नाही. शिवाय अक्षरांची खरी बटणे गेली. ज्यांना रोज लांब पत्रे लिहायची, त्यांना हा तोटाच. जुन्या संचासाठी लिहिलेले कार्यक्रमही नव्यावर चालत नव्हते. भारतात झेड१० ची सुरुवातीची किंमत होती ४३,४९० रुपये.

पण खरा प्रश्न पडद्याचा नाही. पत्र संचापर्यंत येते कसे? जुन्या पद्धतीत ते आधी कंपनीच्या केंद्रात जाई आणि तेथून आपल्या संचाकडे ढकलले जाई. संचाला वारंवार विचारणा करावी लागत नसे, त्यामुळे वीज वाचे. मात्र या सोयीची दुसरी बाजू ऑक्टोबर २०११ मध्ये दिसली. इंग्लंडमधील केंद्रात एक स्विच बिघडला आणि भारतातील ग्राहकांचीही सेवा विस्कळीत झाली. हातातला संच धडधाकट होता, तरी पत्रे येईनात.

नव्या नमुन्यात संच थेट मेल-सर्व्हरशी बोलू लागला. ही सुधारणा निःसंशय मोलाची. तरीही संचाची प्रणाली आणि काही मूलभूत सेवा कंपनीवरच विसंबून राहिल्या. ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने या सेवा थांबवल्या. त्यानंतर जुन्या-नव्या दोन्ही प्रणालींच्या संचांवर ई-मेलच काय, साध्या संभाषणाचीही खात्री उरली नाही. दोन वर्षांनी नव्या असलेल्या संचाला या बाबतीत एक दिवसही जास्त मिळाला नाही.

लॅमिंग्टन रोडवर नवा फोन घ्यायला जाणारा विद्यार्थी कॅमेरा आणि स्मृतीचे आकडे विचारतो. त्याच्या यादीत आणखी तीन प्रश्न घालायला शिकवावे : प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या किती वर्षे मिळणार? बॅटरी बदलता येते का? कंपनीने सेवा थांबवली, तर संचाचे कोणते काम चालू राहील? वर्गात दोन फोनांचा तक्ता करून हे रकाने भरून घ्यावेत. जे रकाने दुकानदाराला भरता येणार नाहीत, त्यांवरच अधिक चर्चा व्हावी.