खेळाच्या कंट्रोलरची शून्यत्रुटी

व्हर्निअर कॅलिपर हातात दिला की आपण विद्यार्थ्याला आधी विचारतो : जबडे मिटलेले असताना वाचन किती? ही शून्यत्रुटी नोंदवल्याशिवाय पुढचे एकही वाचन आपण मान्य करत नाही. व्हिडिओ खेळांचा कंट्रोलर हेही एक मापनयंत्रच आहे. त्याची दांडी कोणत्या दिशेला किती कलली, हे ते मोजते. पण तो तपासण्यासाठी संगणकावर ज्या आज्ञावली मिळतात, त्यांतील बहुतेक हा पहिला प्रश्नच विचारू देत नाहीत, अशी आमची तक्रार आहे.

विंडोजमधील तपासणीची खिडकी पाहा. एका चौकोनात अधिकचिन्ह दिसते, दांडी हलवली की ते हलते. कळ दाबली की तांबडा दिवा लागतो. आकडा एकही नाही. चिन्ह नेमके मध्यावर आहे की किंचित डावीकडे, हे डोळ्यांनीच ठरवायचे. कच्चे आकडे दाखवण्याची सोय आहे, पण ती कॅलिब्रेशनच्या पायऱ्यांत, एका चौकटीवर खूण केल्यावर मिळते. म्हणजे औषध द्यायला बसल्यावर नाडी पाहायची! लिनक्सवर 'जेएसटेस्ट' आकडे देते खरे, पण मध्याजवळचा भाग बहुधा आधीच गाळून. त्यामुळे वर्गासाठी आम्ही रूक्ष दिसणारी 'इव्हटेस्ट' निवडू. सुरू होताच ती प्रत्येक अक्षाचे वाचन, त्याच्या किमान-कमाल मर्यादा आणि मधला किती भाग सपाट धरला आहे, हे सारे छापून दाखवते. अनेक स्वस्त कंट्रोलरांत ही मर्यादा ० ते २५५ असते. सोडलेली दांडी १२८ ऐवजी १३९ दाखवत असेल, तर ते लपत नाही.

मध्याजवळचे वाचन शून्यच समजायचे, या युक्तीला डेडझोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसाठी खेळ लिहिणाऱ्यांना सुचवलेली मूल्ये डाव्या दांडीसाठी ७८४९ आणि उजवीसाठी ८६८९ अशी आहेत, आणि कमाल वाचन ३२७६७. म्हणजे दांडीचा जवळजवळ पाव प्रवास हिशेबातून बाद! खेळापुरते हे समजण्यासारखे आहे. स्प्रिंग सैल होते, आतल्या रोधकाचा पट्टा झिजतो, आणि दांडीला हात न लावता पडद्यावरची मोटार वळू लागलेली कोणालाच नको असते. पण तपासणाऱ्यानेही तेच करावे काय?

रायगड किनाऱ्यावरच्या शिक्षकांना याचे उत्तर अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या आधारे देता येईल. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली हे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतून अलिबागला नेण्यात आले, पण १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन दोहोंतला फरक ठरवला गेला. अशा वेधशाळेत बदल नोंदवणारे उपकरण सतत चालते आणि त्याची आधाररेषा कुठे आहे हे वेगळ्या निरपेक्ष मापनाने पुन्हा पुन्हा तपासले जाते. आधाररेषा सरकली तर ती पुसत नाहीत, किती सरकली ते लिहून ठेवतात. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळात कुलाब्याला क्षैतिज तीव्रतेत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. तीसुद्धा तिथल्या एकूण क्षैतिज तीव्रतेच्या चार-पाच टक्केच होती. पाव भाग शून्य मानणाऱ्या यंत्राला ते वादळ दिसलेच नसते.

वर्गात करता येईल असा प्रयोग सोपा आहे. दांडी एका बाजूला पूर्ण दाबून सोडायची आणि वाचन लिहायचे. मग दुसऱ्या बाजूने. असे दहा-वीस वेळा. सरासरी मध्यापासून जेवढी दूर, तेवढी शून्यत्रुटी. ती वजा करता येते. वाचने सरासरीभोवती जेवढी विखुरलेली असतील तो भाग मात्र वजा होत नाही, आणि डेडझोन खरा लागतो तो तेवढ्यापुरताच. आज्ञावली ही दोन दुखणी एकाच पट्टीखाली झाकतात. परिणामी नेम चुकला की खापर मुलाच्या हातावर फुटते.

कळांची कामे बदलून देण्याच्या सोयीबद्दल आमचे मत अधिक अनुकूल आहे. एका हाताने खेळणाऱ्या मुलासाठी ती चैन नव्हे. २०१८ साली आलेल्या एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरला बाहेरची बटणे जोडण्यासाठी ३.५ मिलिमीटरची १९ छिद्रे आहेत, ती याच गरजेतून. पण येथेही क्रम महत्त्वाचा. काम बदलणाऱ्या बऱ्याच आज्ञावली कळेचे नाव दाखवतात, तिचा मूळ क्रमांक नाही. ब्राउझरमध्ये तपासताना तर 'स्टँडर्ड' असा शेरा दिसला की फेरमांडणी आपल्या आधी ब्राउझरनेच केलेली असते. अशा वेळी 'ए' दाबून 'बी' उमटले, तर संपर्क खराब आहे, तार चुकली आहे की नुसते नाव बदलले आहे, हे सांगता येत नाही. मूळ क्रमांक आणि नवे काम शेजारी-शेजारी दाखवणे मुळीच कठीण नाही. जी आज्ञावली तेवढेही करत नाही, तिच्या भरवशावर शाळेने कंट्रोलर मोडीत काढू नये.