स्वाभाविक वक्तृत्वशैली : दोन उदाहरणांचा विचार

वक्त्याने आपल्या स्वाभाविक शैलीत बोलावे, असा उपदेश वक्तृत्वविषयक विवेचनात वारंवार आढळतो. त्यामागील गृहीत असे की, शैली वक्त्याच्या ठायी आधीच सिद्ध असते. कृत्रिमतेचे आवरण दूर सारले की ती प्रकट होते. मराठीतील दोन थोर वक्त्यांकडे पाहता हे गृहीत टिकत नाही.

गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) कीर्तनाचा परंपरागत साचा स्वीकारला; परंतु त्यातील शास्त्रार्थ व पौराणिक आख्यान यांचा विस्तार टाळून त्या जागी श्रोत्यांना विचारलेले प्रश्न आणले. ऋण काढून सण करावा काय, देवापुढे बकरे कापावे काय, मुलांना शाळेत घालावे की नाही, हे वऱ्हाडी बोलीत विचारावयाचे आणि उत्तर समुदायाकडूनच वदवून घ्यावयाचे, ही त्यांची पद्धत. निष्कर्ष स्वतःच्याच मुखातून निघाल्यामुळे तो नाकारणे श्रोत्यांना अवघड होई.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. प्रवचनाचा साचाही जुनाच होता. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी भाष्यकारांच्या मतभेदांचा खल केला नाही; नित्य व्यवहारातील दृष्टान्तांनी अर्थ उलगडला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही प्रवचने सानेगुरुजींनी टिपून घेतली म्हणून आपणांस लाभली. मुद्रित वाक्याच्या लयीत विनोबांची वाणी किती आणि सानेगुरुजींची लेखणी किती, हे निवडणे कठीण आहे. म्हणून शैलीविषयीचे अनुमान वाक्यलयीवरून न काढता दृष्टान्तांची निवड आणि विषयाची मांडणी यांवरून काढणेच युक्त ठरेल.

दोघांनीही परंपरेचा साचा घेतला आणि समोरच्या श्रोत्याला निरुपयोगी असा भाग त्यातून वगळला. एकाची शैली प्रश्नात, दुसऱ्याची दृष्टान्तात सिद्ध झाली. अर्थात, स्वाभाविक शैली ही जन्मजात देणगी नसून श्रोत्याच्या संबंधातून घडलेली निवड होय. वक्तृत्वस्पर्धांतील भाषणे साचेबंद वाटतात, त्याचे कारण अनुकरणात शोधले जाते. वस्तुतः अनुकरणावाचून आरंभच होत नाही. खरी उणीव ही की, तेथे श्रोता म्हणून केवळ परीक्षक कल्पिलेला असतो. आणि त्याच्यासाठी काहीच वगळावेसे वाटत नाही.