‘स्मृतिचित्रे’तील घर आणि मुले

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून हसला नाही असा मराठी वाचक विरळाच. टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचा सढळ हात आणि त्यापायी संसार सांभाळताना लक्ष्मीबाईंची उडणारी तारांबळ, या गोष्टी आपण चवीने एकमेकांना सांगतो. परंतु या हसण्याच्या नादात पुस्तकातला एक गंभीर प्रश्न हातून निसटतो, असे मला वाटते. ज्या घरात आईबापांची श्रद्धा इतकी ज्वलंत, त्या घरात मूल स्वतंत्र बुद्धीने वाढू शकते काय?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधली पाच वर्षे हा मला या पुस्तकाचा गाभा वाटतो. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आधी नातलगांकडे राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. टिळकांनी ते त्यांना पाळू दिले. जातिभेद त्यांच्या मनातून गेला तो त्यांच्याच विचाराने, आणि तो विचार त्या गणिताची रीत सांगावी इतक्या साधेपणाने सांगतात. ज्या मुलाची आई अशी स्वतःच्या पायांनी चालत श्रद्धेपर्यंत आली, त्याला धर्म म्हणजे हुकूम नव्हे, हे निराळे शिकवायला कशाला हवे?

दुसरा पुरावा ठोंबऱ्यांचा, म्हणजे आपल्या बालकवींचा. ते अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखी माया लावली. घर मिशनच्या उपदेशकाचे. पण हा मुलगा हिंदू म्हणून आला आणि हिंदूच राहिला. १९१८ साली त्यांचा अकाली अंत होईपर्यंत त्यात बदल झाला नाही. आपले ते न लपवता दुसऱ्याचे त्याला ठेवू द्यायचे, हीच या घराची शिकवण.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आली. तेथे मुलगा आईची गोष्ट सांगतो आणि प्रत्येक रात्री श्रोत्यांच्या पदरात काही बोध पडतो. येथे आई स्वतःच बोलते आणि बोध काढण्याच्या भानगडीत पडत नाही. मी दोन्ही पुस्तके वर्गात वाचून दाखवते. पहिले ऐकताना मुलांचे डोळे भरून येतात. दुसरे ऐकताना ती मध्येच प्रश्न विचारतात. मुलाला दोन्ही लागते. पण आपल्या घरांतून पहिल्याची सोय होते, दुसऱ्याची होत नाही.

गुण गाताना एक गोष्ट मात्र झाकू नये. टिळकांनी इतरांना विचाराची मोकळीक दिली हे खरे. पण धर्मांतराचा स्वतःचा निर्णय त्यांनी पत्नीला न विचारता घेतला, आणि त्याची किंमत तिने व अजाण मुलाने मोजली. पुढे घराचे दार सर्वांना उघडे राहिले, तेही चूल पेटती ठेवणाऱ्या या बाईच्या कष्टांवर. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात, म्हणून त्याचे ओझे कमी होत नाही. त्यांच्या विनोदाला दाद देताना त्याच्या आड मांडलेला हा हिशेबही वाचला पाहिजे.

टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्यांच्या मागे त्याचा शेवट मुलाने, देवदत्तांनी केला. बापाचे काम असे मुलाच्या हाती येते, ते नुसत्या धाकाने येत नाही, असे मी तरी मानते. या सुट्टीत फराळ आटोपल्यावर ‘स्मृतिचित्रे’ घरात मोठ्याने वाचा. एखादे पोर मध्येच “पण का?” म्हणाले, तर पुस्तक क्षणभर मिटा आणि त्याचे ऐका.