शिकागोची हिरवी गच्ची : काय मोजले, काय राहिले

शहरातील सार्वजनिक इमारतीच्या गच्चीवर हिरवळ लावावी अशी सूचना कोठेही निघाली, की शिकागोच्या नगरभवनाचा दाखला हमखास दिला जातो. पर्यावरणाचा पाठ शिकवताना शिक्षकही तो देतात. दाखला खरा आहे आणि मोलाचाही आहे. गच्चीवरच्या झाडांवर आमचा राग नाही. आमचा आक्षेप आहे तो या दाखल्यातील आकडे ज्या घाईने वाचले जातात त्या घाईला.

आधी हकिकत पाहू. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची तीव्र लाट आली आणि तिने सातशेहून अधिक बळी घेतले. त्यांत एकटे राहणारे वृद्ध, गरीब आणि इमारतींच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे लोक मोठ्या संख्येने होते. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शहरे तापण्याच्या प्रश्नावर काही निवडक शहरांत प्रयोग सुरू केले. शिकागो हे त्यांपैकी एक. महापौर रिचर्ड डेली यांनी जर्मनीत अशा गच्च्या पाहिल्या होत्या. २००१ साली अकरा मजली नगरभवनावर सुमारे १,९०० चौरस मीटरची बाग तयार झाली. माती काही ठिकाणी १० सेंटीमीटर, तर जेथे खालचे बांधकाम पेलू शकत होते तेथे ४५ सेंटीमीटरपर्यंत.

या जागेची एक गंमत आहे. एकाच इमारतीचा अर्धा भाग नगरपालिकेचा, तर अर्धा कुक परगण्याचा. परगण्याच्या भागावर काळ्या डांबराचे छप्पर तसेच राहिले. तुलनेचा नमुना शेजारीच, त्याच उन्हात आणि त्याच वाऱ्यात! प्रयोग करणाऱ्याला असे भाग्य क्वचितच लाभते.

९ ऑगस्ट २००१ च्या दुपारी मोजमापे झाली. डांबरी छप्पर ७६ अंश सेल्सिअस, तर झाडांचा भाग ३३ ते ४८ अंश. ‘हिरव्या गच्चीने तापमान ४० अंशांनी उतरवले’ हे वाक्य येथून निघते. पण हे पृष्ठभागाचे तापमान आहे. त्याच गच्चीवरच्या लगतच्या हवेतील फरक सुमारे ४ अंशांचाच होता. वारा हवा सतत ढवळत असतो, त्यामुळे पृष्ठभागांतील तफावत हवेत तेवढी टिकत नाही. माणूस श्वास घेतो तो हवेत. अकरा मजले खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला एका गच्चीतून काय मिळाले, ते या आकड्यांतून कळत नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. नगरभवनाच्या गच्चीचा काही भाग फरसबंद आहे. तेथे एकही झाड नव्हते, तरी तापमान ५२ ते ५४ अंशच भरले. म्हणजे ७६ अंशांवरून जो उतार दिसला, त्यातील निम्म्याहून अधिक डांबर झाकल्यानेच साधला होता. हा मधला आकडा आम्ही ऐकलेल्या बहुतेक भाषणांतून गळालेला असतो. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत गैरसोयीचे वाचन खोडले तर आपण गुण कापतो.

आता पैशांचे पाहू. बागेमुळे वर्षाला सुमारे ३,६०० डॉलर वाचतात असा शहराचा अंदाज होता. खर्च दहा लाख डॉलरच धरला (प्रत्यक्षात तो त्याहून अधिक होता), तरी परतफेडीला २७८ वर्षे लागतात. हा हिशेब थोडा अन्यायाचा आहे हे मान्य, कारण मातीखालचा जलरोधक थर उन्हापासून वाचतो आणि जास्त वर्षे टिकतो. शिवाय तो प्रायोगिक प्रकल्प होता. परंतु वाचलेल्या ऊर्जेची फोड पाहावी. वीज वर्षाला नऊ हजार युनिटांच्या आसपास, आणि त्याच्या कित्येक पट ऊर्जा हिवाळ्यात इमारत गरम ठेवणाऱ्या गॅसची. जेथे इमारती गरम कराव्याच लागत नाहीत, तेथे नफ्याची ही बाजू शून्य होते. हाच प्रस्ताव सोलापूरला किंवा नागपूरला मांडायचा तर तो वेगळ्या हिशेबावर मांडावा लागेल.

तो हिशेब करून पाहू. मे महिन्यात आपल्याकडे एक चौरस मीटर सपाट गच्चीवर दिवसाला सहा ते सात युनिट सौर ऊर्जा पडते. ताजी चुन्याची सफेदी त्यातील दोनतृतीयांश परत पाठवते, शोषते सुमारे दोन युनिट. हिरवळ एकपंचमांश ते एकचतुर्थांशच परतवते आणि सुमारे पाच युनिट शोषते. मग ती थंड कशी राहते? पाणी उडवून. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६८ युनिट उष्णता खर्च होते. चार लिटर उडाले तर २.७ युनिट. म्हणजे चुन्याची बरोबरी गाठायला हिरवळीला दर चौरस मीटरला रोज चार लिटर पाणी लागेल. हजार चौरस मीटरच्या गच्चीला दर अडीच दिवसांनी दहा हजार लिटरचा एक टँकर!

यावर ‘कमी पाण्याच्या वनस्पती लावू’ असे उत्तर मिळते. अशा गच्च्यांवर लावली जाणारी सेडम ही आपल्या पानफुटीच्याच कुळातील. या कुळातील अनेक वनस्पती कोरड्या दिवसांत दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात, कार्बन डायऑक्साइड रात्री घेतात आणि तो आम्लाच्या रूपात साठवतात. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारनंतर त्याची आंबट चव जाते, हे बेंजामिन हाइन यांनी हिंदुस्थानातच चाखून पाहिले होते. त्यांचे पत्र १८१५ साली लंडनमध्ये छापले गेले. पण दुपारी रंध्रे मिटलेली असतील तर पाणी उडणार नाही, आणि पाणी उडाले नाही तर त्या वाटेने गारवाही नाही. ‘पाणी लागत नाही’ आणि ‘गच्ची थंड ठेवते’ ही दोन्ही वचने एकाच पत्रकात शेजारी छापलेली आढळतात. मातीचा थर आणि पानांची सावली यांचा फायदा उरतो, पण मग नाव त्याचेच घ्यावे.

वजनाचे थोडक्यात सांगतो. १० सेंटीमीटर बागेची माती पूर्ण भिजली की चौरस मीटरला १७० किलोच्या घरात जाते. भारतीय मानकानुसार माणसांची ये-जा असणाऱ्या सपाट छतासाठी धरायचा भार १५० किलो, ये-जा नसणाऱ्यासाठी ७५. हलके मिश्रण वापरता येते, पण आधी बांधकाम तपासल्याशिवाय जुन्या शाळेच्या गच्चीवर माती चढवू नये. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात राहिलेल्यांना हे सांगायला नको. तेथे मातीचे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या गारवा देत आले आहे, आणि पावसाळ्यात त्यावर उगवलेले गवत मुळांमुळे घर गळू नये म्हणून उपटून टाकतात.

पुराचेही तेच. शिकागोच्या बागेसाठी एका इंचाच्या पावसाचे तीनचतुर्थांश पाणी धरून ठेवते असे सांगितले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हलक्या सरींसाठी अशी गच्ची उपयोगी. त्या दिवशी तिचा वाटा जेमतेम पहिल्या अर्ध्या तासाचा ठरला असता.

सार्वजनिक इमारत निवडण्याबद्दलही आमच्या मनात शंका आहे. १९९५ चे बळी नगरभवनात नव्हते; ते भाड्याच्या इमारतींच्या वरच्या मजल्यावर, बंद खिडक्यांआड होते. डांबरी छपराला पांढरा रंग देण्याचा खर्च बागेच्या मानाने किरकोळ, आणि तेवढ्याच पैशात अशी कितीतरी छपरे रंगवता आली असती. अर्थात सफेदी धुळीने काळवंडते, ती दरवर्षी करावी लागते, आणि तिच्यावर फुलपाखरू बसत नाही. पक्षी, कीटक आणि डोळ्यांचे सुख यांसाठी बाग हवी असेल तर ती त्याच कारणासाठी मागावी. ते कारण कमी दर्जाचे नाही.

शाळेत हे सारे पडताळता येते. पत्र्याचे चार सारखे डबे उलटे ठेवावेत. एकावर काळा रंग द्यावा, दुसऱ्यावर चुना, तिसऱ्यावर पसरट ताटलीत कोरडी माती ठेवावी आणि चौथ्यावर तशाच ताटलीत ओल्या मातीतले गवत. प्रत्येक डब्याच्या आत, पत्र्याला न टेकता, तापमापक टांगावा. दुपारी बारा ते तीन दर अर्ध्या तासाने नोंद करावी, आणि चौथी ताटली आधी व नंतर तराजूवर वजन करून किती ग्रॅम पाणी उडाले ते लिहावे. नंतर दोन दिवस गवताला पाणी न घालता हाच प्रयोग पुन्हा करावा. चौथा डबा तिसऱ्याच्या किती जवळ सरकतो ते वहीत उतरवावे.