चाकावरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते बहुधा दुसऱ्याला हिणवण्यासाठी. भाडेकरू वर्षा-वर्षाला घर बदलू लागला, की ही म्हण त्याच्या नावे ठेवलेलीच. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या अकोल्याच्या एका स्नेह्याने ती स्वतःबद्दल, आणि तीही छाती फुगवून उच्चारली, तेव्हा मी जरा चपापलो.

हे गृहस्थ नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले. मुले परगावी स्थिरावलेली. त्यांनी एक जुनी मिनी बस विकत घेतली, आतली आसने उपटून काढली आणि तिथे एक पलंग, हातभर ओटा, गॅसची शेगडी, डोक्यावर पाण्याची टाकी असा संसार बसवला. आता राहते घर विकायचे आणि उरलेले आयुष्य या गाडीतच काढायचे, असा बेत. घराला गिऱ्हाईकही आले होते. अंगणात उभी असलेली ती गाडी त्यांनी मला फिरून फिरून दाखवली आणि शेवटी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तं पुस्तकं वाचता, लिहिताबी. सांगा बरं, मले हे मानवीन का?"

खरे सांगायचे तर मोह मलाही झाला. वीस-बावीस वर्षे एकाच शाळेची घंटा ऐकलेल्या माणसाला चाकांचा मोह होऊ नये तर कोणाला व्हावा? पण प्रश्न पुस्तकांचे नाव घेऊन विचारला होता. म्हणून पुस्तकांनाच विचारून सांगतो, असा वायदा करून मी अमरावतीला परतलो. पुढचा मजकूर म्हणजे तो वायदा पुरा करण्याचा प्रयत्न आहे.

माझ्या घरापासून फार दूर नसलेले रिद्धपूर हे गाव आज मराठी भाषेच्या विद्यापीठामुळे पुन्हा लोकांच्या तोंडी आले आहे. याच गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ; आणि तो आहे एका फिरत्या माणसाचा. स्वामींनी आपल्या अनुयायांना नित्य अटनाची शिकवण दिली. एका गावाशी, एका घराशी, ओळखीच्या माणसांशी जीव गुंतू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे आपले गद्य वाङ्मय जन्मले तेच मुळी पायाला भिंगरी लावून, असे म्हणावयास हरकत नाही.

पण जरा थांबून पाहिले की निराळीच गोष्ट दिसते. चक्रधर फिरते होते, तर त्यांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपुरी स्थिर होते. स्वामींच्या मागे शिष्यपरिवार याच गुरूंच्या आश्रयाला जमला, आणि म्हाइंभटांनी ज्याला जे आठवत होते ते त्याच्याकडून विचारून घेतले, पारखले, लिहून काढले. फिरणे संपले तेव्हा ग्रंथ सुरू झाला. भटकंती रस्त्यावर होते. तिचे वाङ्मय मात्र मुक्कामावर लिहिले जाते. हा नियम मी पुढे जी जी पुस्तके वाचली त्या बहुतेकांना लागू पडला.

गो. नी. दांडेकरांचेच पाहा. अप्पा आमच्या जिल्ह्याचे. १९१६ साली परतवाड्याला जन्मलेले. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी शाळा आणि घर दोन्ही सोडले. गाडगे महाराजांचा सहवास, नर्मदेची परिक्रमा, आश्रम, मठ, धर्मशाळा असे करीत हा मुलगा वाढला. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आणि १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारी ‘स्मरणगाथा’ ही त्या पायपिटीची फळे. दोन्ही पुस्तके मी तरुणपणी वाचली तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. उठावे आणि चालू लागावे असे वाटले होते. यंदा चाळिशी ओलांडून पुन्हा वाचली, आणि पूर्वी न दिसलेले एक माणूस सारखे दिसू लागले. ते म्हणजे दार उघडणारे माणूस. परिक्रमावासी चालतो खरा; पण नर्मदाकाठी कोणीतरी सदावर्त घातलेले असते, कोणा गृहिणीने पीठ-मीठ बाजूला काढून ठेवलेले असते, म्हणून तो चालतो. अप्पांच्या गद्याचे सामर्थ्य रस्त्याच्या वर्णनात आहे, असे आपण समजतो. मला आता ते ओसरीच्या वर्णनात अधिक दिसते. परक्या ओसरीवर टेकलेल्या मुलाची कृतज्ञता हा त्या लेखनाचा गाभा आहे. उणीव काढायचीच तर एवढी, की त्या दार उघडणाऱ्या माणसांच्या बाजूने ही कथा फारशी सांगितली जात नाही. चालणारा पुढे निघून जातो, आणि वाचकही त्याच्याबरोबर निघून जातो. शेवटी अप्पाही तळेगाव दाभाड्याला स्थिरावले. तेथे बसून ही पाने लिहिली गेली.

अप्पा ज्यांच्या मागे फिरले ते गाडगेबाबा तर या प्रश्नाची खरी कसोटी. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६, अंजनगाव सुर्जीजवळचे शेंडगाव. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले, ते पुन्हा घर म्हणून कोठे राहिले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच त्यांनी देह ठेवला. जवळजवळ बावन्न वर्षे या माणसाला पत्ता नव्हता. माझ्या स्नेह्याच्या गाडीत मी नुसत्या डब्यांचीच यादी केली तर पानभर होईल. बाबांचे सामान म्हणजे एक मडक्याचे खापर, काठी, खराटा आणि अंगावरच्या चिंध्या. खापरात खायचे आणि ऊन लागले की तेच डोक्यावर ठेवायचे.

तर मग बाबा म्हणजे बिनघराच्या जगण्याचा आदर्शच की! असे मीही म्हणणार होतो. पण बाबांनी आयुष्यभर काय केले? दुसऱ्यांसाठी घरे बांधली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मूर्तिजापूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, गोरक्षणे काढली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. ज्याने स्वतःचे छप्पर टाकले त्यानेच छपराची किंमत सर्वांत नीट ओळखली होती. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. गावात पाऊल टाकताच बाबा आधी खराटा हाती घेत. भाकर मागत ती काम झाल्यावर, आणि कीर्तन रात्री. ज्या गावात ते उतरत ते गाव त्यांच्या येण्याने अधिक स्वच्छ होई. फिरत्या माणसाला लावायची याहून चोख फूटपट्टी मला तरी सापडलेली नाही. तुझ्या मुक्कामाने गावाचे काही वाढले की कमी झाले?

परदेशातही हा प्रश्न पुस्तकांनी हाताळला आहे. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली एका ट्रकवर खोली बसवून, चार्ली नावाच्या कुत्र्याला सोबत घेऊन देश पाहायला निघाले. गाडीचे नाव ठेवले रोसिनान्टे. डॉन किहोटेच्या घोड्याचे. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ साली निघाले आणि कित्येकांच्या डोक्यात या वेडाचे बी त्यानेच पेरले. पुढे शोध घेणाऱ्यांनी दाखवून दिले की त्यातल्या पुष्कळ रात्री लेखकमहाशयांनी हॉटेलात काढल्या होत्या. मला त्यांचा राग आला नाही. घर मागे राखून निघालेल्या माणसाचा प्रवास असाच असावयाचा. पण २०१७ साली जेसिका ब्रूडर या बाईंनी ‘नोमॅडलँड’ लिहिले तेव्हा त्याच अमेरिकेतले दुसरेच चित्र पुढे आले. २००८ च्या मंदीनंतर घरे हातची गेलेली, पेन्शनीत न भागणारी म्हातारी माणसे गाड्यांतच राहू लागली होती, आणि गोदामांतल्या, बीटच्या हंगामातल्या मजुरीमागे गावोगाव फिरत होती. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. सूर्यास्त स्टाइनबेकच्या पुस्तकातही सुंदर आहेत आणि या चित्रपटातही; पण ते पाहणाऱ्याच्या खिशात घराची किल्ली आहे की नाही, यावर त्यांचा रंग बदलतो.

म्हणजे बिनघराचे जिणे तीन तऱ्हेचे. घर टाकून दिलेल्याचे, घर राखून निघालेल्याचे, आणि घर मुळीच न लाभलेल्याचे. या तिसऱ्या जिण्याचे मराठीतले पुस्तक म्हणजे लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’. १९८० साली ते आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणीत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती हकिकत. तेथे सूर्यास्ताचे वर्णन करायला कोणाला सवड नाही. गावाबाहेर पाल ठोकायचे, गावकऱ्यांच्या शिव्या ऐकायच्या, पोलिसांना भ्यायचे. इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या कायद्याने अशा कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो डाग कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, लोकांच्या मनातून मात्र अजून पुरता गेलेला नाही. गंमत अशी, की याच कैकाडी समाजाला आमच्या विदर्भात अनुसूचित जातींत धरतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. ज्यांचे आयुष्यच हद्दी ओलांडण्यात गेले त्यांना हद्द लागली की जातही बदलते! आणि या साऱ्या फरफटीत त्या पोराचा बाप काय करतो, तर आपल्याच जातवाल्यांची नाराजी ओढवून मुलाला शाळेत बसवतो. ‘भ्रमणगाथा’ वाचून मला घराबाहेर पडावेसे वाटले होते. ‘उपरा’ मिटवले तेव्हा दार उघडून पाहावेसे वाटले, बाहेर कोणी उभे तर नाही.

पुस्तके पुरे झाली. आता आमच्या मातीचेही ऐकले पाहिजे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी पार करतो. कौलारू घरात ताट्या भिजवूनही दुपार सरत नाही, तेथे पत्र्याची गाडी म्हणजे भाकरीचा तवाच. दुसरे पाण्याचे. पूर्णेच्या दोन्ही काठांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहीर आहे, पाणी आहे, पण ते तोंडी लागत नाही. नळाला काही गावांत चार-आठ दिवसांनी पाणी. अशा गावी आपली गाडी उभी करून टाकी भरून मागायची ती कोणाच्या हंड्यातून? आणि आपली घाण टाकायची ती कोणाच्या शिवारात? महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात गाड्या थांबवण्याच्या जागांचा विचार आहे, हे चांगले झाले. पण चार दिवसांची सहल निराळी आणि बारा महिन्यांचे राहणे निराळे.

सौभाग्यवतीला मी हे सगळे वाचून दाखवले. तिने चिवड्यासाठी पोहे चाळता चाळता एकच विचारले, "त्यांच्या गाडीत पाहुणा आला तर बसवायचा कुठं?" मी लिहिलेल्या पानांपेक्षा हा प्रश्न सरस होता. रिद्धपूरच्या गुरूंचे स्थान काय, नर्मदेकाठची ओसरी काय, बाबांची धर्मशाळा काय. घर म्हणजे जेथे दुसरा येऊ शकतो ती जागा. सगळेच चाकावर निघाले तर दार कोणी उघडायचे?

एवढ्यावर लेख संपवणार होतो, पण शाळेतली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या शाळेच्या वाटेवर दर वर्षी घिसाड्यांची दोन-तीन बिऱ्हाडे उतरतात. पूर्वी बैलगाड्या असत, आता एक जुनाट टेम्पो आहे. त्यातच भांडी, अंथरुणे, कोंबड्या, भाता आणि ऐरण. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा शेवटून द्यायच्या. तयार अवजारे बाजारात मिळू लागल्यापासून तेही काम आटले. त्यांच्यातली एक मुलगी गेल्या वर्षी माझ्या वर्गात होती. अक्षर असे, की फळ्यावर तिच्याकडूनच सुविचार लिहवून घ्यावा. दिवाळीच्या सुटीआधी ती टेबलाशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, आमी उद्या चाल्लो. माह्यं नाव खोडसान काय?"

मी "नाही" म्हणालो. नाव मी खोडले नाही. पण सुटीनंतर तिच्या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण करताना तिची वही कुठल्या गावच्या रस्त्याकडेला असेल, हा विचार मनातून जात नव्हता. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली दिलेल्या अहवालात भटक्यांपाशी राहण्याचा पुरावा नसतो, म्हणून रेशनकार्ड नाही, दाखला नाही, असे सांगितले आहे. माझ्या वर्गात ते सारे एका प्रश्नात आले होते.

अकोल्याच्या स्नेह्यांना मी पत्र पाठवले. लिहिले, की गाडी जरूर चालवा. थंडीचे चार महिने फिरा, मेळघाट पाहा, रिद्धपूरला जा, ऋणमोचनच्या घाटावर बसा. जेथे उतराल तेथे आधी खराटा हाती घ्या. पाणी विचारून घ्या आणि घाण आपल्याबरोबर न्या. एवढे जमले तर तुम्हाला हे मानवेल, आणि तुम्हीही त्या गावांना मानवाल. मात्र घर विकू नका. तुम्ही नसाल तेव्हा त्याची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. कोणाला तरी ते लागेल.

उत्तर आले नाही. पण परवा अकोल्याला गेलो तर गाडी अंगणात नव्हती. घराला कुलूपही नव्हते. ओसरीवर शेजारची तीन-चार मुले पाटी घेऊन बसली होती. त्यांतले एक म्हणाले, "काका गावाले गेले. किल्ली आमच्यापाशी हाय." मी जोडे काढले आणि घोटभर पाणी मागून घेतले.

आमच्या शाळेच्या वाटेवर टेम्पो अजून आलेला नाही. हजेरीत नाव आहे.