मॅकचे क्लोन: पुरावा नेमका कशाचा?

संगणक बनवणाऱ्या कंपनीने आपली ऑपरेटिंग सिस्टीम दुसऱ्यांच्या यंत्रांवर चालू द्यावी का, या वादात ॲपलच्या दोन गोष्टी हमखास येतात. पहिली: जून 1985 मध्ये बिल गेट्सने ॲपलला लेखी सुचवलं की मॅकची सिस्टीम इतरांना परवान्यावर द्या, ॲपलने ऐकलं नाही आणि बाजार विंडोजने नेला. दुसरी: 1995 पासून ॲपलने परवाने दिले, तोट्यात गेली, आणि 1997 मध्ये स्टीव्ह जॉब्सने ते बंद केले म्हणून वाचली. निष्कर्ष एकमेकांच्या उलट, आणि दोन्ही 'सिद्ध'! संशोधनाची तयारी करताय ना, मग जरा थांबून बघा.

पत्राचं आधी उरकून घेऊ. मायक्रोसॉफ्ट तेव्हा मॅकसाठी वर्ड विकत होती, त्याच वर्षी एक्सेलही आलं. मॅक वाढले तर तिचा धंदा वाढणार होता. म्हणून सल्ला चुकीचा ठरत नाही, पण सल्लागाराचं हित न नोंदवता तो उद्धृत करणं हा कच्चा अभ्यास झाला.

दुसरी गोष्ट जास्त फसवी, कारण ती खरंच घडली. पॉवर कम्प्युटिंग, मोटोरोला, यूमॅक्स यांनी मॅकचे क्लोन विकले. पण त्याच काळात विंडोज 95 आलं, आणि ॲपलची 'कोपलँड' ही नवी सिस्टीम रखडून शेवटी 1996 मध्ये रद्द झाली. 1997 च्या आर्थिक वर्षातला तोटा 1 अब्ज डॉलरच्या वर होता. त्यातला क्लोनचा वाटा किती? 'आधी परवाने, मग तोटा' एवढ्यावरून ते कळत नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे: क्लोन घेणारा माणूस, क्लोन नसता तर काय घेणार होता? विंडोजचं यंत्र, की ॲपलचंच मॅक? इथे थोडं गणित करू. परवान्याचं शुल्क यंत्रामागे साधारण 50 डॉलर सांगितलं जातं. समजा (हा आकडा माझा, फक्त उदाहरणापुरता) स्वतःच्या एका मॅकवर ॲपलला 500 डॉलर सुटत होते. मग दहा क्लोनमागे ॲपलचा एक ग्राहक फुटला की हिशेब बरोबरीत, दोन फुटले की सरळ तोटा. आता पॉवर कम्प्युटिंगची यंत्रं आठवा: स्वस्त, फोनवर मागवता येणारी, आणि काही वेळा ॲपलच्या मॅकपेक्षाही वेगवान. ती कोणाला भुरळ घालणार? आधीपासून मॅकवर काम करणाऱ्यालाच, असा माझा अंदाज. पण मग दोष परवाना देण्याचा, की इतक्या कमी शुल्काचा आणि महागड्या यंत्रांनाही मोकळीक देण्याचा? हे दोन वेगळे दावे आहेत. निबंधांत त्यांची सर्रास खिचडी होते.

मायक्रोसॉफ्टशी तुलनाही इथेच घसरते. तिला वाचवायला स्वतःचे संगणकच नव्हते. कोणीही यंत्र विकलं तरी तिची कमाईच.

बंद करण्याची युक्ती मात्र बघण्यासारखी. परवाने 'सिस्टीम 7' पुरते होते, म्हणून 7.7 म्हणून यायची आवृत्ती जुलै 1997 मध्ये 'मॅक ओएस 8' या नावाने आली. सप्टेंबरमध्ये ॲपलने पॉवर कम्प्युटिंगचा मॅकचा धंदा 10 कोटी डॉलरच्या शेअरमध्ये विकत घेतला. त्या सौद्यात परवान्याबरोबर ग्राहकांची यादीही होती. आपला प्रश्न सोडवायला सुरुवात करायची असती, तर हवी होती तीच यादी.