चित्रांनीं विचार करणारें मन

ऑटिझम या अवस्थेस मराठींत ‘स्वमग्नता’ असा शब्द रूढ झाला आहे. शब्द कानास गोड आहे खरा. परंतु तो बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. मूल डोळ्यास डोळा देत नाहीं, हांकेस ओ देत नाहीं, तेव्हां तें आपल्यांतच गढलें असावें, असा हा तर्क. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेंही अर्थात् बाहेरूनच. पुढें १९६७ सालीं दोन ग्रंथ निघाले. ब्रूनो बेटेलहाइम यांनीं ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’मध्यें आईबापांच्या थंडपणावर सारा दोष ठेविला, क्लारा क्लेबॉर्न पार्क या आईनें ‘द सीज’मध्यें आपल्या मुलीची हकीकत मायेनें सांगितली. एकाच्या नांवांत रिकामा किल्ला, दुसऱ्याच्या नांवांत वेढा. बेटेलहाइम यांचें मत आज त्याज्य ठरलें आहे, पार्कबाईंचें पुस्तक अद्याप वाचनीय आहे. पण दोघांचीही जागा तटाच्या बाहेरच.

तटाच्या आंतून बोलणारीं जीं पुस्तकें पुढें आलीं, त्यांत टेंपल ग्रँडिन यांचें ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ (१९९५) आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. ‘चर्चचा मनोरा’ हे शब्द ऐकतांच आपल्या मनांत एक मोघम आकृति उभी राहते. या बाईंना प्रत्यक्ष पाहिलेले मनोरे एकामागून एक दिसतात. माणसाची मिठी त्यांना सोसत नसे, पण दाबाची ओढ तर होती. म्हणून मावशीच्या गुरांच्या वाड्यावर जनावरें आवळून धरण्याचा सांपळा पाहून त्यांनीं स्वतःसाठीं तसें यंत्र केलें. पुढें गुरें हांकण्याच्या वाटा आंखणें हाच त्यांचा व्यवसाय झाला. लोंबती सांखळी, जमिनीवरची सांवली यांनीं गाय कां बिचकते, हें त्या तिच्या डोळ्यांनीं पाहतात. अशा बाईस ‘स्वमग्न’ म्हणावयाचें तरी कसें?

भाषा रुक्ष आहे, एखाद्या इंजिनियरच्या अहवालासारखी. आम्हांस ती रुक्षताच विश्वासार्ह वाटली. चूकही आहे : अशीं सर्वच माणसें चित्रांनीं विचार करितात, असें त्यांनीं प्रथम गृहीत धरलें होतें. २००६ च्या आवृत्तींत ती त्यांनीं कबूल केली, आणि शब्दांनीं व आकृतिबंधांनीं विचार करणारेही असतात असें लिहिलें. (दुसऱ्या आवृत्तींत आपली चूक कबूल करणारा आत्मचरित्रकार आमच्या पाहण्यांत क्वचितच आहे.)

मार्क हॅडन यांची २००३ ची गाजलेली कादंबरी कादंबरी म्हणून उत्तम. साक्ष म्हणून तिला येथें स्थान नाहीं. खरी अडचण नाओकी हिगाशिदा या जपानी मुलाच्या पुस्तकाची. तें २००७ सालीं निघालें, आणि डेव्हिड मिचेल व त्यांच्या पत्नी यांच्या इंग्रजी भाषांतरानें २०१३ पासून जगभर गेलें. भाषांतरकारांचा स्वतःचा मुलगा असाच आहे. पुस्तक हृदयास भिडतें, आणि तेथेंच आम्ही थबकतों. अक्षरांच्या तक्त्यावर बोट ठेवून तें लिहिलें गेलें. त्यांत साहाय्य करणाराचा वांटा किती, याविषयीं जाणकारांनीं शंका घेतल्या आहेत. मुक्या लेंकराच्या तोंडून एक वाक्य ऐकावयास आईबाप किती आसुसलेले असतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच हा प्रश्न नुसत्या वाङ्मयाचा नाहीं : तें वाक्य दुसऱ्याचें असेल, तर मुलाचें स्वतःचें म्हणणें अधिकच दडपलें जाईल. पुस्तक त्या मुलाचें नाहींच, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तूर्त मात्र आम्ही तें ग्रँडिनबाईंच्या शेजारीं न ठेवतां कादंबऱ्यांच्या कप्प्यांत ठेविलें आहे.